केवळ आपुलकीपोटी

तिघांनी एकच वाक्य म्हटलं, आणि फाईल परत आली.

आता दोष द्यायचा तरी कुणाला? चांगदेवला द्यावा, तर तो बिचारा म्हणणार, मी काय माझ्यासाठी केलं का? बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत टेबल सांभाळलेला माणूस. अर्जाची भाषा बरोबर असली की काम होतं, यावर त्याचा जेवढा विश्वास तेवढा डॉक्टरांवरही नाही. म्हणून अवयवदानाच्या सरकारी समितीपुढे जायच्या आधी आठ दिवस त्यानं एक कागद टाइप करून आणला, त्याच्या तीन प्रती काढल्या आणि बहिणीला, भाच्याला नि धाकट्या भावाच्या बायकोला एकेक दिली. "पाठ करा," म्हणाला. "एक अक्षर इकडचं तिकडं होता कामा नये."

झालं! पोरं परीक्षेला करत नाहीत एवढं या तिघांनी पाठ केलं. ठाण्याच्या त्या सरकारी इमारतीत तिघांना वेगवेगळं आत बोलावलं. मायाला विचारलं, तुमची किडनी नणंदेला का देताय? माया म्हणाली, "सदर अवयवदान मी कोणत्याही दबावाविना, आमिषाविना, केवळ प्रेम व आपुलकीपोटी करीत आहे." मग राकेशला विचारलं, मामी तुझ्या आईला किडनी का देतेय रे? तर राकेशसाहेब म्हणाले, "सदर अवयवदान मामी कोणत्याही दबावाविना…" शेवटी चांगदेवची बहीण शकू आत गेली. तिनं 'सदर' म्हटल्याबरोबर टेबलामागच्या पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून ठेवला.

"बाई, तुम्ही घरी 'सदर' म्हणता का?"

शकूची जीभ अख्ख्या विठ्ठलवाडीत प्रसिद्ध. सुट्ट्या पैशांवरून रिक्षावाले तिच्या नादी लागत नाहीत. पण त्या दिवशी तिला काही म्हणजे काही सुचलं नाही.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे बघा, सख्खी बहीण देत असती तर आम्ही एवढं खोदून विचारलं नसतं. भावजय कायद्यानं जवळच्या नात्यात बसत नाही. त्यामुळे आतून काही देवघेव नाही ना, याची खात्री आम्हाला करावी लागते. तुम्ही तिघं एकाच कागदावरचं बोलायला लागलात तर आम्ही काय समजायचं? पंधरा दिवसांनी या. आणि पाठ करून येऊ नका. खरं काय असेल ते सांगा."

खरं काय असेल ते. ते शोधायलाच तर रविवारी सगळे शकूच्या घरी जमले होते.

रविवार शकूचा वाईट दिवस. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. मधले दोन दिवस मशीन नाही, म्हणून रविवारपर्यंत पायांवर सूज चढायची आणि श्वास लागायचा. मशीनच्या सुया टोचायची हाताची शीर दोनदा बंद पडून झालेली. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलेलं, मशीनवर फार ओढता येणार नाही, काय ते या वर्षात करा. राकेश द्यायला एका पायावर तयार होता, तर त्याला एकतिसाव्या वर्षीच शुगर निघाली. चांगदेवच्या हृदयात स्टेंट. राहिली माया. शकूच्या भावाची, आनंदाची बायको. आनंदाला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि नेमकी तिचीच किडनी जुळली. ती स्वतःहून पुढे आली, कुणी विचारायच्या आधी. तेच तर समितीला पटत नव्हतं. खरं सांगायचं तर घरातही पूर्णपणे कुणाला पटलं नव्हतं.

माया आणि तिची मुलगी मेघना कळव्याहून अकराच्या सुमारास आल्या. मायानं डब्यात बिनमिठाची भाजी आणलेली, बटाटे दोनदा पाण्यात भिजवून पाणी टाकून दिलेले. शकूला चालेल अशी. शकूनं डबा उघडून बघितला आणि नेहमीप्रमाणे नाक मुरडलं.

"याला भाजी म्हणतात होय? याच्यापेक्षा मशीन बरी."

"खा ताई, मुकाट्यानं," माया हसून म्हणाली.

चांगदेव डोंबिवलीहून आला तो नवी कोरी फाईल घेऊन. दिवाणावर मांडी घालून बसला, चष्मा लावला आणि फाईलमधून पाच कोरे कागद काढले.

"यावेळी मी काही टाइप केलेलं नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "प्रत्येकानं आपापल्या शब्दांत लिहायचं."

"आणि मग पाठ करायचं?" राकेशनं विचारलं.

"नंतर एकदा नजरेखालून घालायचं."

"म्हणजे पाठच की, मामा!"

मेघना खिडकीत उभी होती. सत्तावीस वर्षांची पोर, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावता लावता तिचा स्वभावही तसाच झालेला, प्रत्येक गोष्टीवर नाव पाहिजे, तारीख पाहिजे. तिनं अजून संमतीच्या कागदावर सही केली नव्हती. देणाऱ्याच्या घरच्यांची सही लागते, आणि मायाच्या घरचं म्हणजे ती एकटीच.

"काका, तुम्ही साहेब व्हा," ती म्हणाली. "विचारा आईला. मला पण ऐकायचंय."

चांगदेवला हे मनापासून आवडलं. त्यानं पाठ ताठ केली. "तर, मायाबाई. यातून तुम्हाला काय मिळणार?"

"काही नाही."

"कोणी मानणार नाही," राकेश लगेच म्हणाला. "काहीच मिळत नाही तर माणूस करेल कशाला? सॉरी मामी, पण बघ ना. मी आईला डायलिसिसला घेऊन जातो. सगळे बोलतात, पोरगा गुणाचा. पण मी का नेतो? नाही नेलं तर मला झोप लागणार नाही. म्हणजे माझ्या झोपेसाठीच नेतो ना मी?"

"वा!" शकू म्हणाली. "म्हणजे मी तुझी झोपेची गोळी."

"तुला नाही बोलत गं. सगळ्यांचंच बोलतोय. आता मामा बघ. डोंबिवली ते ठाणे, ठाणे ते कल्याण, दोन महिने कागद घेऊन फिरतायत. का, मामा?"

चांगदेवनं चष्मा पुसायला घेतला.  "मी मोठा आहे," तो शेवटी म्हणाला. "आनंदाच्या वेळी मला काही करता आलं नाही. आता हिलाही माझी देता येत नाही. निदान कागद तरी माझ्यामुळे अडायला नको होते. तर तेही माझ्यामुळेच अडले."

 शकूला भावाची दया आली, आणि दया आली म्हणून ती खेकसली, "पुरे रे दादा. उगाच रडगाणं नको."

"पण मी काय बोललो?" राकेश आपला मुद्दा सोडायला तयार नव्हता. "मामांच्या मनाला लागलंय, म्हणून मामा फिरतात. प्रत्येक जण फिरून फिरून स्वतःपाशीच येतो."

"मग येऊ दे की," मेघना म्हणाली. "आत्याला त्रास झाला की तुझी झोप उडते, याला स्वार्थ म्हणायचं असेल तर म्हण. शेजारचं कोणी आजारी पडलं तर तुझी झोप उडते का? नाही ना? मग त्यालाच लोक प्रेम म्हणतात, राकेश. दुसरं काय असतं?" ती आईकडे वळली. "पण आई, तुझं मला कळत नाही. दोन महिने विचारतेय. कधी वाटतं, तुला चांगलं म्हणवून घ्यायचंय. मागच्या पौर्णिमेला विहारात बायकांनी तुला उठून पुढे जागा दिली, तेव्हा कशी खुश झालेलीस!"

"झालेले," माया म्हणाली. "खोटं कशाला बोलू? आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी पुढे बसवलं. आवडलं मला."

"हे समितीत सांगू नकोस," चांगदेव घाईनं म्हणाला.

"पण तेवढ्यासाठी कोणी पोट फाडून घेतं का, भाऊजी?" माया हसली. मग हसू थांबवून पदराशी चाळा करत बसली. माया तशी कमी बोलणारी. तिला बोलायला लागलं की आधी ती मनात एकदा म्हणून बघायची, हे शकूला अठ्ठावीस वर्षांच्या सवयीनं माहीत होतं.

"सांगू का?" ती म्हणाली. "मेघनालाही हे कधी बोलले नाही. हे गेले त्या दिवशी मी दवाखान्यात त्यांच्याजवळ नव्हते. मेघनाचा दहावीचा गणिताचा पेपर. ताई म्हणाल्या, पोरीचं वर्ष आहे, तू घरी जा, मी आहे. मी गेले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. तीन महिने त्यांचे ते पिवळे डोळे बघून बघून माझ्यात दमच नव्हता उरलेला. मी पेपरचं निमित्त करून पळाले. आणि ताई बसून राहिल्या. शेवटचं पाणी ताईंनी पाजलं. हे झोपेत गेले, काही त्रास नाही, कुणाला हाक नाही, असं ताईंनी सांगितलं. का शांतपणे गेले? कारण ताई जवळ होत्या. माझं काम ताईंनी केलं. माझ्या जागी बसल्या त्या. अकरा वर्षं ते माझ्या मनात आहे. फेडायचं वगैरे नाही, फेडणारी मी कोण! पण जेव्हा कळलं की माझी जुळते, तेव्हा मला वाटलं, आता त्यांच्या उशाशी बसायची माझी पाळी आहे. एवढंच."

राकेशनं मान खाली घातली. त्याला आनंदामामानंच वाढवलेलं. बाप सोडून गेला तेव्हा तो दीड वर्षाचा, शकू त्याला कडेवर घेऊन माहेरी आलेली, आणि आनंदानं त्या दिवसापासून त्याला आपल्या ताटात जेवायला घेतलं. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

चांगदेवनं कोरा कागद पुढे ओढला. "हे! हेच!" तो म्हणाला. "हेच सांग. जसंच्या तसं. मी फक्त मुद्दे लिहून ठेवतो."

मेघना खिडकीतून आली आणि आईच्या शेजारी टेकली. "मला वाटायचं, माझ्या पेपरमुळे तू तिथं नव्हतीस," ती हळू आवाजात म्हणाली. "तू मला कधी बोललीच नाहीस." मग तिनं पेन मागितलं. "द्या काका, माझ्या सहीचा कागद. करते."

सगळं जमून आलं. दोन महिने अडलेलं गाडं पाच मिनिटांत सुटलं. राकेश उठून चहाचं आधण ठेवून आला. एकटी शकू पलंगावर पाय लांब करून तशीच बसली होती.

गप्प बसली असती तर काही बिघडणार नव्हतं. हे तिला अगदी स्वच्छ कळत होतं. तिला जगायचं होतं. राकेशचं लग्न बघायचं होतं, पोटभर पाणी प्यायचं होतं, उन्हाळ्यात मोठा तांब्याभर, तोंडाला लावून. मंगळवारी समितीपुढे माया हे बोलणार, डॉक्टरीणबाईंना पटणार, महिन्याभरात ऑपरेशन. गप्प बसायची तर तिला सवयच होती. आणि लोकही काय म्हणत होते गेली अकरा वर्षं? भावाची सेवा करावी तर शकूनं करावी. ती सेवा ऐकून ऐकून तिलाही कधी कधी खरी वाटायला लागलेली.

"दादा," ती म्हणाली, "ते लिहू नकोस."

"का?"

"खरं नाही ते."

"माया खोटं बोलतेय का?"

"ती खरं बोलतेय. मी तिला खोटं सांगितलेलं." शकूला धाप लागली. तिनं उशीला टेकून दोन श्वास घेतले. "माया, तो झोपेत नाही गेला. सकाळी साडेनवाला तो चांगला जागा होता. मला म्हणाला, माया आली का? मी म्हटलं, येतेय. फोन माझ्या हातात होता. मी नाही लावला."

माया तिच्याकडे बघत राहिली. तिला अजून नीट कळलंच नव्हतं.

"पेपर अकराचा होता," शकू पुढे म्हणाली. "साडेनवाला फोन लावला असता तर तू कळव्याहून तासाभरात पोचली असतीस. मला माहीत होतं. त्यानं परत विचारलं. मी परत म्हटलं, येतेय. बाराच्या सुमाराला तिसऱ्यांदा विचारलं. मग विचारलं नाही. दाराकडे बघत राहिला. दीडला गेला."

"का?" हे मेघनानं विचारलं.

शकूला वाटलं होतं, हे सांगणं सगळ्यात कठीण जाईल. पण एकदा तोंड उघडल्यावर ते सरळ आलं. "कारण तो माझा होता. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा, मी नऊची. मी त्याला न्हाऊ घातलं, मी भरवलं. नवऱ्यानं टाकल्यावर त्यानंच मला घरात घेतलं. मग लग्न झालं आणि तो हिचा झाला. शेवटच्या दिवशी मला वाटलं, आता तरी दोन-चार तास तो माझाच राहू दे. ती आली की तो तिच्याकडेच बघणार. म्हणून मी बसले तिथं. त्याच्यासाठी नाही बसले. ज्याला तुम्ही सेवा सेवा म्हणता ना, ती ही."

स्वयंपाकघरात आधण उकळून उतू गेलं, तेव्हा राकेश धावला.  मग माया उठली. तिनं भाजीचा रिकामा डबा उचलला, झाकण लावलं, पिशवीत ठेवला. तिचे हात अगदी शांतपणे कामं करत होते.

"तीनदा विचारलं?" तिनं विचारलं.

"तीनदा."

"चल, मेघना," माया म्हणाली. आणि दोघी गेल्या.

मेघनाच्या सहीचा कागद दिवाणावर तसाच पडून होता. सही अर्धी झालेली, नाव आलेलं, आडनाव राहिलेलं.

त्यानंतर राकेश जो भडकला! आईला आजवर तो असं कधी बोलला नव्हता. "काय गरज होती तुला? कोण विचारत होतं? अकरा वर्षं गप्प बसलीस, अजून दोन दिवस बसायचं होतं! ऑपरेशन झाल्यावर सांगायचं होतं!"

"ऑपरेशन झाल्यावर? तिची किडनी पोटात घातल्यावर सांगायचं?"

"हो! जिवंत राहून सांगायचं! आता तू खरं बोललीस, तुला बरं वाटलं. माझं काय? मला कोण आहे?"

 राकेश दार आपटून खाली गेला. चांगदेव मात्र बसून राहिला. तो रागावला नव्हता. आपल्या या बहिणीला त्यानं पोरवयापासून बघितलेलं. त्यानं कागद एकावर एक ठेवून सारखे केले आणि म्हणाला, "शकू, हे तू तिच्यासाठी सांगितलंस की स्वतःसाठी?"

"खरं सांगू?"

"आता काय राहिलंय?"

"माझ्यासाठीच, दादा. ती रोज डबा घेऊन आली असती, आणि रोज मला वाटलं असतं, ही चोरी पकडली जाईल. मला नसतं जमलं ते."

"म्हणजे मरायची तयारी आहे, पण खाली मान घालायची नाही." चांगदेवनं फाईलची नाडी बांधली. "राकेश म्हणतो ते खरं दिसतंय. चांगली गोष्ट केलीस, तीही स्वतःसाठी."

"मग करायची नव्हती का?"

चांगदेव फाईल काखेत मारून उठला. जाताना त्यानं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, आणि मंगळवारी साडेआठला रिक्षा घेऊन येतो म्हणाला. "ती येवो न येवो, आपण जायचं. तारीख दिलेली आहे. गैरहजर राहिलं तर फाईल बंद करतात."

सोमवारी शकू चार तास मशीनला होती. मायाचा फोन नाही. शकूनं स्वतः फोन हातात घेतला आणि परत ठेवला. काय बोलणार होती? राकेश शेजारच्या खुर्चीत बसून होता, आईशी अबोला धरून. पण दर अर्ध्या तासानं उठून तिचं पांघरूण नीट करत होता.

मंगळवारी त्या इमारतीच्या बाकावर शकू, राकेश आणि चांगदेव बसले. साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. शिपाई नाव पुकारून गेला, चांगदेवनं त्याला थोडा वेळ मागितला. शकूनं आशा सोडली होती. नवल म्हणजे तिला राग येत नव्हता. माया न येणं बरोबर आहे, असं तिचं तिलाच वाटत होतं, आणि तरीही जिन्यावर पाऊल वाजलं की तिची मान आपोआप तिकडे वळत होती.

अकराला पाच कमी असताना माया आली. मागे मेघना. माया शकूकडे बघून न बघितल्यासारखं करून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मेघनानं चांगदेवच्या हातातून फाईल घेतली, कागद काढला आणि अर्धी राहिलेली सही पुरी केली. 

यावेळी दोघींना एकत्र आत बोलावलं. कोपऱ्यात कॅमेरा लावलेला. डॉक्टरीणबाईंनी आधी शकूलाच विचारलं, "भावजय तुम्हाला किडनी का देतेय?"

"माहीत नाही," शकू म्हणाली. "तिच्याकडे एक कारण होतं. ते खोटं निघालं, मीच सांगितलं तिला. आता ती का आलीय, मला खरंच माहीत नाही."

टेबलामागच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. बाई मायाकडे वळल्या. "तुम्ही का आलात?"

मायानं नेहमीप्रमाणे वेळ घेतला.

"मॅडम, मी येणारच नव्हते," ती म्हणाली. "हिनं माझ्या नवऱ्याला शेवटच्या दिवशी मला भेटू दिलं नाही. परवा कळलं मला. परवापासून मी हिच्याशी भांडतेय. मनातल्या मनात. भाकरी करताना भांडतेय, बसस्टॉपवर भांडतेय. अठ्ठावीस वर्षांत मी हिला कधी उलटून बोलले नाही, आणि आता बोलतेय तर हिची उत्तरं पण मलाच द्यावी लागतात. काल संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, ही गेली तर माझं भांडण असंच राहणार. शिवाय यांचे शेवटचे चार तास हिच्याकडे आहेत. ते दुसऱ्या कोणाकडे नाहीत. कसे बघत होते, काय बोलले, पाणी प्यायले का. ते माझे आहेत, मॅडम. मला ते हिच्याकडून काढून घ्यायचेत. ही आजारी, दोन वाक्यं बोलली की धाप लागते हिला. अशा माणसाशी भांडायचं कसं? ही बरी झाली पाहिजे."

डॉक्टरीणबाईंनी पेन हातात तसंच धरून ठेवलं होतं. "म्हणजे तुम्ही हे तुमच्यासाठी करताय."

"हो. माझ्यासाठीच."

"आपुलकी वगैरे नाही?"

"आज राग आहे," माया म्हणाली. "आपुलकीचं तुम्ही बघा. मला नाही सांगता येणार."

"कुणाचा दबाव?"

"माझ्या मुलीनं तर काल जाऊ नको म्हणून सांगितलेलं. मग सकाळी तीच म्हणाली, चल, सोबत येते."

बाईंनी शेजारच्या दोघांशी हळू आवाजात काही विचारविनिमय केला. एकानं खांदे उडवले, दुसऱ्यानं मान हलवली. मग त्या फाईलवर वाकल्या आणि लिहू लागल्या. "हे पाठ केलेलं नाही, एवढं नक्की," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "बाहेर बसा. मंजुरीचं पत्र तयार व्हायला तासभर लागेल."

बाहेर राकेशनं दोघींची तोंडं बघितली, आणि काय झालं ते विचारायची त्याला हिंमत होईना. "झालं," शकू म्हणाली. चांगदेव भिंतीकडे तोंड करून रुमाल शोधायला लागला. राकेश मामीच्या पायाशी वाकायला गेला, तर मायानं त्याला दंडाला धरून उभं केलं आणि मेघनाबरोबर चहाला पिटाळलं.

मग ती बाकावर शकूच्या शेजारी येऊन बसली. अगदी जवळ, खांद्याला खांदा लागेल अशी. चेहरा अजून घट्टच होता.

"तासभर आहे," ती म्हणाली. "सुरू करा. साडेनवाला त्यांनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा ते उठून बसलेले की आडवे होते?"

"आडवा होता," शकू म्हणाली. "डाव्या कुशीवर."

"माझ्याकडे बघून सांगा."

शकूनं तिच्याकडे बघितलं, आणि सांगायला लागली.